पिसवांचं बिऱ्हाड

मराठी मध्यमवर्गीय घरात काही गोष्टी मोठ्याने बोलत नाहीत. कुणाचं मोडलेलं लग्न, मुलाचे बारावीचे मार्क, फ्लॅटच्या व्यवहारात काळे किती नि पांढरे किती, आणि घरात पिसवा झाल्यात हे. पहिल्या तिन्हींची निदान जिन्यात कुजबुज होते, चौथ्याची तीही होत नाही. डासांचं तसं नाही. डास सार्वजनिक आहेत, ते महापालिकेच्या नावावर खपवता येतात. मुंग्या म्हणजे घरात गोडधोड होत असल्याचा पुरावा. झुरळ नेहमी खालच्या मजल्यावरूनच येतं. ढेकणालासुद्धा रेल्वेचा स्लीपर, नाट्यगृहाची खुर्ची, मंगल कार्यालयातल्या गाद्या अशी बरी वंशावळ जोडून देता येते. पिसू मात्र थेट घराण्याच्या अब्रूला चावते. तेही घोट्यावर, जिथे पाहुण्यांसमोर खाजवायचं तर वाकावं लागतं.

त्यात आमची मांजरं पडली घरातली. ठमाबाई नावाची मांजरी आणि बंड्या नावाचा बोका. ठमाबाईने आजवर उंबरा ओलांडलेला नाही. दार उघडं राहिलंच तर ती कडेपर्यंत जाते, जिन्याकडे तुच्छतेने बघते आणि माघारी फिरते. बंड्या बोका असून घरकोंबडा आहे. बाल्कनीत कबुतर उतरलं तर तो आत येऊन आम्हाला कळवतो. अशा सोवळ्यातल्या प्राण्यांना पिसवा होतातच कशा, या प्रश्नावर आमच्या घरात चौकशी समिती बसली. नवऱ्याचा संशय कामाच्या मावशींवर, कारण त्या आणखी चार घरी जातात. मावशींचा संशय साहेबांवर, कारण साहेब मुंबईची गाडी पकडतात आणि गाडीत काय काय शेजारी येऊन बसतं देव जाणे. सासूबाईंचा संशय माझ्या माहेरावर. त्यांनी कारण दिलं नाही. त्यांना ते कधीच लागत नाही.

मांजरांच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र एकच प्रश्न विचारला. "जिन्याखाली एखादी भटकी मांजर व्यायली होती का हो?"

व्यायली होती. पावसाच्या सुरुवातीला. सोसायटीतल्या निम्म्या लोकांनी तिला दूध घातलं होतं, उरलेल्या निम्म्यांनी तिच्याविरुद्ध चेअरमनकडे अर्ज दिला होता. दोन्ही पक्षांना कंटाळून ती पिल्लं घेऊन निघून गेली, पण तिच्या अंगावरून गळलेली पिसवांची अंडी जिन्याच्या सांदीत राहिली. पिसवेला पंख नसतात, तिला उडता येत नाही. पण कोषातून नव्याने बाहेर पडलेली पिसू उपाशी असते आणि जवळून जाणाऱ्या पहिल्या उबदार पायावर उडी घेते. मग तो पाय चेअरमनचा आहे की अर्जदाराचा, हे ती बघत नाही. आमचा पाय तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि लिफ्ट बंद होती, एवढंच.

बातमी बाहेर जाऊ द्यायची नाही असं ठरलं. सासूबाईंनी ती अत्यंत गुप्तपणे फक्त चौघींना सांगितली. त्यामुळे दुसऱ्या दिवसापासून उपाय यायला लागले. उपायांबरोबर 'आमच्याकडे नाहीत हो, पण आमच्या वहिनीकडे झाल्या होत्या' ही प्रस्तावना यायची. त्या वहिनी सगळ्यांच्या सामाईक असाव्यात. कुणी वेखंडाची पूड सांगितली, कुणी कडुनिंबाचा पाला, कुणी करंजाचं तेल. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी सीताफळाच्या बिया कुटून आणल्या, त्यांच्या लहानपणी उवांवर तेच लावत. एकांनी कपाटात डांबरगोळ्या टाकायला सांगितल्या, एकांनी दुधातून लसूण. फॉर्वर्ड आलेला एक मेसेज टी-ट्री ऑइलचा होता, म्हणजे आपलीच आजीबाईच्या बटव्यातली बुद्धी, फक्त बाटली परदेशी.

ही सगळी यादी मी डॉक्टरीणबाईंपुढे ठेवली तेव्हा त्यांनी पेन काढलं आणि एकेका ओळीवर काट मारायला सुरुवात केली. मांजरीच्या अंगावर जे लावाल ते संध्याकाळपर्यंत तिच्या पोटात जातं, कारण ती जागी असतानाचा बराच वेळ स्वतःला चाटण्यात घालवते. आणि पोटात गेलेल्या पुष्कळ गोष्टी पचवून बाहेर टाकायची सोय माणसाच्या यकृतात आहे, कुत्र्याच्याही आहे, मांजरीच्या यकृतात ती फार तोकडी आहे. डांबरगोळ्या नकोत. टी-ट्री नको. लसूण तर पोटातही नको. सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यांत गेली तर माणसाचेही डोळे बिघडतात. आणि रोज लादीवर ओतलं जाणारं फिनाइल, ज्याच्या वासावरून सासूबाई घराची पवित्रता मोजतात, तेही मांजरीच्या पायांना लागून पोटात जातं म्हणून बंद. शेवटची काट त्यांनी दोनदा मारली. कुत्र्यासाठी मिळणारं पिसवांचं औषध मांजरीला अजिबात लावायचं नाही. त्यातल्या पुष्कळांत परमेथ्रिन असतं, त्याने कुत्र्याच्या पिसवा मरतात आणि मांजर झटके येऊन दगावू शकते. ठमाबाईचं वजन लहान कुत्र्याइतकं भरतं म्हणून अर्धा डोस चालेल का, असं नवऱ्याने विचारलं. तेव्हा बाईंनी त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी लग्नाच्या इतक्या वर्षांत कमवू शकलेले नाही.

मग त्यांनी ठमाबाईला फणी घातली. बारीक दात्यांची, थेट आजीच्या लिखांच्या फणीच्या कुळातली. फणीत पिसू एकही आली नाही. आली ती काळी रवाळ घाण, जिला सासूबाई महिनाभर 'खसखस सांडली असेल' म्हणत होत्या. बाईंनी ती ओल्या पांढऱ्या कागदावर टेकवली आणि कण तांबडे होऊन पसरले. ती पिसवांची विष्ठा, म्हणजे मूळचं ठमाबाईचंच रक्त. स्वतः पिसवा ठमाबाईने चाटता चाटता गिळून टाकल्या होत्या. टापटिपीची मांजर पिसवा दिसू देत नाही. घराण्याची अब्रू राखायचं काम सासूबाईंच्या आधीपासून तीच करत होती.

"मग गिळल्यात ना? मिटलं की," नवरा म्हणाला.

बाईंनी कागदावर गणित मांडलं. घरात पिसवांची लागण असते तेव्हा मांजरीच्या अंगावर बसलेल्या मोठ्या पिसवा म्हणजे एकूण संख्येच्या साधारण पाच टक्के. बाकीच्या पंचाण्णव टक्क्यांत अंडी, अळ्या आणि कोष.

"आणि ते पंचाण्णव टक्के असतात कुठे?"

"तुम्ही घरात कुठे बसता?"

"सोफ्यावर."

"तिथे."

नवरा त्या दिवसापासून घरात उभा राहून पेपर वाचतो.

ही व्यवस्था नीट कळली की पिसवेचा राग येण्याऐवजी दबायलाच होतं. मादी मांजरीवर चढते, रक्त पिते आणि एक-दोन दिवसांत अंडी घालायला लागते. रंगात आली की दिवसाला चाळीस-पन्नास. अंडी गुळगुळीत असतात, केसांना चिकटत नाहीत. मांजर जिथे लोळेल, अंग झटकेल, डुलकी काढेल तिथे ती गळत जातात. म्हणजे पिसवांचा सर्वांत दाट पेरा नेमका मांजरीच्या आवडत्या जागी. आमच्याकडे त्या जागा म्हणजे सोफा, दिवाणावरची गोधडी, आणि सासूबाईंची जपाची आसनपट्टी. अंड्यातून अळी निघते ती उजेडाला घाबरते, म्हणून सांदीत, शिवणीत, गादीच्या काठाखाली शिरते. तिचं खाणं काय, तर वरून मोठ्या पिसवा टाकतात ती सुकल्या रक्ताची खसखस. आईबाप वर बसून मेजवान्या झोडतात आणि पोरांची ददात परस्पर मिटते. अळीला ओल लागते. हवा कोरडी पडली की ती सुकून मरते. त्यामुळे पुण्याचा मे महिना तिला मानवत नाही, आणि जुलै-ऑगस्ट हा तिचा लग्नसराईचा हंगाम.

पण खरा बिलंदर आहे तो कोष. अळी रेशमाचा चिकट कोष विणते, त्यावर घरातलीच धूळ बसते, आणि तो गादीच्या रंगाचा होऊन जातो. त्यात औषध शिरत नाही. आत पिसू पूर्ण तयार असते, पण बाहेर येत नाही. वाट बघते. पायांचा हादरा, अंगाची ऊब, श्वासातून येणारा कार्बन डायऑक्साइड, यातलं काही जाणवलं की क्षणात बाहेर. नाहीच जाणवलं तर काही महिने तशीच. पेठेतल्या जुन्या वाड्यातला पागडीचा भाडेकरू असाच असतो. दाराला वर्षानुवर्षं कुलूप, वीजबिल शून्य, मालक खूश होऊन हातोडा उचलतो, आणि पहिल्याच घावाला आतून आवाज येतो, "कोण आहे?"

हे माहीत नसल्याने माणसं भलत्याच ठिकाणी जोर लावतात. आमच्याकडे मधल्या काळात एक फवारणीवाला येऊन गेला. त्याच्या कार्डावर झुरळ, मुंगी, वाळवी, ढेकूण यांची चित्रं होती, पिसू नव्हती. "पिसू आजकाल कुणाकडे नसते मॅडम," असं म्हणून त्याने स्वतःचा घोटा खाजवला. त्याने फवारलं, उघड्यावर होत्या त्या मेल्या, कोषातल्या झोपून राहिल्या. पंधरा दिवसांनी त्या उठल्या तेव्हा त्याचा फोन उठत नव्हता.

मला यात जास्त नवल वाटलं ते याचं, की पिसू हा प्राणी पुण्या-मुंबईच्या इतिहासात एवढा खोल बसलेला असून आपण तिला कुणी किरकोळ समजतो. 1897 साली रँडसाहेबाचे सोजीर पुण्यात प्लेगच्या नावाखाली घरं उपसत होते. देवघरात शिरले, सामान रस्त्यावर आलं, आणि 22 जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकरांनी त्याचा हिशेब केला. गोऱ्या शिपायांनी माणसं तपासली, कोठ्या तपासल्या, अंथरुणं जाळली. पिसू हे नाव त्यांच्या कुठल्याच यादीत नव्हतं, कारण प्लेग उंदरावरून माणसावर पिसू आणते हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने दाखवलं ते पुढच्या वर्षी, 2 जून 1898 रोजी, कराचीत. आता यातली मांजर बघा. सिमाँला प्रयोगासाठी प्लेग झालेला उंदीर मिळाला. त्याच्या अंगावर पिसवा होत्या, पण आणखी हव्या होत्या. त्या त्याने हॉटेलच्या आवारातल्या एका मांजरीकडून उसन्या घेतल्या. विज्ञानाच्या इतिहासात मांजरीने कुणालाही काहीही उसनं दिल्याची ही एकच नोंद माझ्या पाहण्यात आहे.

सिमाँवर बरीच वर्षं कुणी विश्वास ठेवला नाही. शिक्कामोर्तब झालं मुंबईत, 1905 पासून पुढे, परळला बसलेल्या प्लेग संशोधन आयोगाकडून. त्यांची एक युक्ती मला फार आवडते. प्लेगने रिकाम्या झालेल्या खोल्यांत ते गिनीपिग सोडत. कोपऱ्याकोपऱ्यांतल्या उपाशी पिसवा त्या बिचाऱ्याच्या अंगावर गोळा होत, मग त्या मोजायच्या. म्हणजे खोली झाडून पिसू सापडत नाही, खोलीत ऊबदार अंग फिरवलं की ती आपण होऊन हजर होते.

डॉक्टरीणबाईंचा उपाय शेवटी नेमका हाच निघाला, फक्त गिनीपिगच्या जागी ठमाबाई. आमच्या घरात तोवर उलटा कारभार चालू होता. मांजरांना सोफ्यावरून हाकल, बाल्कनीत कोंड, गादीवर येऊ देऊ नको. त्याने एवढंच झालं की कोषातून निघालेल्या पिसवांना ठमाबाई सापडेना आणि त्यांनी आमचे घोटे धरले. "मांजरांना औषध लावा आणि घरभर हुंदडू द्या," बाई म्हणाल्या. "प्रत्येक खोलीत, प्रत्येक गादीवर. निघणारी प्रत्येक पिसू त्यांच्या अंगावर चढली पाहिजे. तिथे औषध असेल, ती अंडी घालायच्या आत मरेल. मांजर तुमचं दुखणं नाही, तीच तुमचं हत्यार आहे." दोघांनाही एकाच दिवशी लावायचं, एकाही महिन्याचा खंड नको, आणि निदान तीन महिने, कारण पागडीवाले एकदम बाहेर पडत नाहीत.

आता ते औषध लावणं. वाचायला फार सोपं आहे. छोटी नळी असते, मांजरीच्या मानेवर, कवटीच्या लगेच खाली, केस बाजूला करून कातडीवर थेंब सोडायचे. तिथेच का, तर अंगावर तेवढीच एक जागा आहे जिथे मांजरीची जीभ पोचत नाही. नळीचं टोपण मोडताना 'टक्' असा अगदी बारीक आवाज होतो. आमची ठमाबाई मिक्सर चालू असताना झोपते, ढोलताशांत झोपते, शेजारच्या खोलीत माझ्या नवऱ्याने नाट्यसंगीत गायलं तरी झोपते. 'टक्' झाल्याबरोबर ती दिवाणाखाली, भिंतीच्या कडेला, जिथे माणसाचा हात खांद्यापर्यंत घालूनही चार बोटं कमी पडतो. नवरा पालथा पडून "ये गं राणी, ये गं माझी सोन्याची" करत होता. त्या आवाजात तो माझ्याशी शेवटचा कधी बोलला हे मी आठवत होते. सासूबाईंनी सुक्या बोंबलाचा तुकडा आणला. ठमाबाईने तो पंजाने आत ओढून घेतला आणि वाटाघाटी संपवल्या. शेवटी दिवाण सरकवला. त्याखाली तीन पेनं, लहानपणीचा एक गोट्यांचा डबा आणि बंड्या सापडला. तो औषधाची चाहूल लागून आधीच तिथे येऊन बसला होता. एकाने धरायचं, दुसऱ्याने केस दुभंगायचे, तिसऱ्याने थेंब सोडायचे. थेंब कातडीऐवजी केसांवर पडला तर मांजर तो पाठीवरून कसाबसा चाटते आणि तोंडाला फेस आणते. ते बघून घरातल्या माणसांना घेरी येते, तिला सहसा काही होत नाही. बंड्याला लावताना तो एकदाही ओरडला नाही. फक्त आमच्याकडे पाहत राहिला. तीन दिवस माझ्या हातून जेवला नाही, सासूबाईंच्या हातून जेवला, आणि सासूबाईंनी हे सगळ्या नातेवाइकांना कळवलं.

घराचं काम त्यामानाने निमूट झालं. चादरी, अभ्रे कडक पाण्यात. गोधड्या गच्चीवर उन्हात, ऊन पडेल तेव्हा. व्हॅक्युम क्लीनर रोज, सोफ्याच्या सांध्यांत आणि दिवाणाखाली. त्याचं काम नुसतं धूळ ओढणं नाही, हादरे देणंही. कोषातल्यांना वाटतं कुणी आलं, त्या उठतात आणि औषध लावलेल्या मांजरीच्या वाट्याला येतात. पिशवी लगेच घराबाहेर, नाहीतर व्हॅक्युम क्लीनर हेच नवं बिऱ्हाड.

मध्येच गणपती आले. आम्ही कोकणात, मांजरं नणंदेकडे. घर आठवडाभर बंद. परत येऊन कुलूप काढलं, पहिलं पाऊल आत टाकलं आणि नवऱ्याच्या पांढऱ्या लेंग्यावर काळे ठिपके उमटायला लागले. त्या बंद घरात आठवडाभर कुणी चाललं नव्हतं, कुणी श्वास सोडला नव्हता. आमच्या चार बॅगा धपकन जमिनीवर आदळल्या आणि कोषांतून जी काय स्वागत समिती उठली ती बघून नवरा पुन्हा जिन्यात जाऊन उभा राहिला. मी मात्र त्या उड्या बघत बसले. जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा जीव, पण जवळजवळ वीतभर उंच उडी मारतो. त्याच्या अंगात रेझिलिन नावाचं रबरासारखं प्रथिन असतं, ते दाबून ठेवतो आणि एकदम सोडतो. ही उडी गुडघ्यावरून मारतो की पावलांवरून, यावर शास्त्रज्ञांत कित्येक वर्षं वाद होता. शेवटी 2011 साली केंब्रिजमध्ये अतिवेगवान कॅमेरे लावून निकाल लागला की पावलांवरून. मिरियम रॉथ्सचाइल्ड म्हणून एक बाई होत्या, पिसवांवरच्या जगातल्या मोठ्या तज्ज्ञ. त्यांच्या वडिलांनीच 1903 साली प्लेगच्या उंदीर-पिसवेचं नामकरण केलं होतं. या बाई पिसवा प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून स्वतःच्या बेडरूममध्ये ठेवत, मुलांनी त्यांना त्रास देऊ नये म्हणून. त्यांच्या सासूबाई काय म्हणत होत्या याची नोंद मिळत नाही.

संध्याकाळी मांजरं परत आणली. दोघंही घरभर फिरली, प्रत्येक गादीवर लोळली, आणि स्वागत समिती दोन-तीन दिवसांत विरली. नणंदेने पिसवांबद्दल आजवर एक अक्षर काढलेलं नाही. घरंदाज आहे. फक्त पुढचे काही आठवडे व्हिडिओ कॉलवर तिचा उजवा हात सतत कॅमेऱ्याच्या खाली असायचा.

पावसाळा सरला, तरी औषध थांबवायचं नाही. मध्ये एकदा बंड्याच्या शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखं काही वळवळताना दिसलं. पिसू गिळली की तिच्या पोटातला पट्टकृमी मांजरीच्या पोटात जातो, त्याचे ते तुकडे, म्हणून जंताची गोळीही त्याच दिवशी ठरली. हे सगळं लक्षात राहावं म्हणून मी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर दर महिन्याला एका चौकटीत बारीक अक्षरांत 'ठ. बं.' एवढंच लिहून ठेवते. परवा सासूबाईंच्या मावसबहीण आल्या होत्या. त्यांनी चष्मा वर करून ती चौकट वाचली, मागचा महिना उलटून तिथेही वाचली.

"हे ठबं कुठलं गं व्रत? आमच्याकडे नाही हे."

मी तोंड उघडणार इतक्यात सासूबाई म्हणाल्या, "तुमच्याकडे नसणारच. आमच्या कुळाचं आहे. महिन्यातून एकदा, तिन्हीसांजेच्या आत मानेवर थेंब सोडायचे असतात."

"आणि उपास?"

"एकवेळचा," सासूबाई म्हणाल्या, आणि दिवाणाखाली बोंबील सरकवला.